बाहुलीघरातील पंचनामा

दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणात किल्ला करायचा आणि मुलींनी ओसरीवर भातुकली मांडायची, ही आपल्याकडची जुनी रीत. आता त्यात बाहुलीघराच्या खोक्याची भर पडली आहे. खोक्यात कापून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या, बोटभर खुर्च्या, नखाएवढ्या कपबश्या, तारेचा दिवा आणि सूचनांचा कागद असतो. चिमटा आणि गोंद घेऊन बसले की आठवड्याभरात स्वयंपाकघर उभे राहते. यातल्या अनेक संचांचे प्रमाण ठरलेले आहे: खऱ्या घरातला एक फूट म्हणजे छोट्या घरातला एक इंच. सहा फुटी माणूस तिथे सहा इंचांचा होतो.

नेमक्या याच प्रमाणात अमेरिकेतील एका बाईने साठी ओलांडल्यावर घरे बांधायला घेतली. त्यांत कपबश्या होत्या, दिवे होते, खिडक्यांना पडदे होते. फक्त प्रत्येक घरात कुणीतरी मरून पडलेले होते. ही घरे खेळण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती पोलिसांना शिकवण्यासाठी होती आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही त्यांच्यावर शिकवले जाते. त्या बाईंचे नाव फ्रान्सिस ग्लेसनर ली. न्यायवैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. खरे तर कसलीच पदवी नव्हती.

२५ मार्च १८७८ रोजी शिकागोत त्यांचा जन्म झाला. वडील जॉन जेकब ग्लेसनर शेतीची यंत्रे बनवणाऱ्या धंद्यात होते. पुढे अशा कंपन्या एकत्र येऊन १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी झाली, तिच्या प्रमुखांपैकी ते एक. पैशाला तोटा नव्हता. प्रेअरी अॅव्हेन्यूवरचे त्यांचे दगडी घर हेन्री हॉब्सन रिचर्डसन या नामवंत वास्तुविशारदाने आखले होते. ते आजही संग्रहालय म्हणून उभे आहे. थोरला भाऊ जॉर्ज याला परागकणांची अॅलर्जी होती. उन्हाळ्यात त्याचे डोळे आणि नाक वाहू लागे. शहरापासून दूर, स्वच्छ हवेत त्याला बरे वाटते असे दिसल्यावर ग्लेसनर दांपत्याने न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागात जमीन घेतली आणि तिथे उन्हाळी घर बांधले. त्या वस्तीला ‘द रॉक्स’ म्हणत. मुलाच्या शिंकांसाठी घेतलेली हीच जागा पुढे मुलीची कार्यशाळा होणार होती.

दोन्ही मुलांना घरीच शिक्षक ठेवून शिकवले गेले. भाषा, संगीत, शिवणकाम, विणकाम, चित्रकला यांत फ्रान्सिस तरबेज झाल्या. वैद्यकाची त्यांना ओढ होती. भाऊ हार्वर्डला गेला. बहिणीला कॉलेजात पाठवण्याचा विचार त्या घराने केला नाही. चांगल्या घरच्या मुलीला त्याची गरज काय, असा तो काळ होता. इथे एक तारीख आठवते. ११ मार्च १८८६ रोजी त्याच देशात, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. फ्रान्सिस तेव्हा आठ वर्षांची व्हायला दोन आठवडे बाकी होते. कल्याणची नऊवारीतली मुलगी समुद्र ओलांडून जे शिकून आली, ते शिकागोच्या धनवंताच्या मुलीला दाराशी असून मिळाले नाही. घरची माणसे काय ठरवतात यावर किती अवलंबून असते!

१८९८ मध्ये ब्ल्यूएट ली या वकिलाशी त्यांचे लग्न झाले. तीन मुले झाली, संसार मात्र जमला नाही. १९१४ मध्ये घटस्फोट झाला. त्या सुमारास त्यांच्या हातून पहिले मोठे छोटेकाम घडले. वडिलांचा शिकागोच्या वाद्यवृंदाशी निकटचा संबंध होता, आईला संगीताचे वेड होते. आईच्या वाढदिवसाला काय द्यावे, तर तो वाद्यवृंदच! फ्रान्सिस तालमींना जाऊन बसल्या, वादकांचे चेहरे आणि बसण्याच्या ढबी टिपल्या आणि नव्वद वादकांचा बाहुल्यांचा वृंद तयार केला. प्रत्येकाच्या हातात त्याचे वाद्य, पुढ्यात स्वरलिपीचा कागद. कोण कोण आहे हे ओळखू यावे, हा आग्रह तेव्हाही होता.

त्यानंतरची पंधरा वर्षे घरगुती जबाबदाऱ्यांत गेली. कलाटणी मिळाली ती बोस्टनच्या एका रुग्णालयात. १९२९ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीत, त्या तिथे आजारातून उठत होत्या. त्याच वेळी तिथे उपचार घेत होते डॉ. जॉर्ज बर्जेस मॅग्रथ. हे भावाचे हार्वर्डमधले मित्र आणि बोस्टन परिसराचे मेडिकल एक्झामिनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणारे सरकारी डॉक्टर. त्यांच्याकडे सांगण्यासारख्या हजारो कहाण्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा हळहळण्याच्या होत्या. शिपायाने रक्तावरून चालत जाऊन खुणा पुसल्या, कुणी कपड्याच्या छिद्रात बोट घालून पाहिले, कुणी मृतदेह सरळ करून ठेवला. खून अपघात ठरला. अपघातात निरपराध माणूस अडकला.

अमेरिकेत तेव्हा बहुतेक ठिकाणी अशा मृत्यूंचा निवाडा कोरोनर करत असे. कोरोनर निवडून येत असे, त्याला वैद्यकाचे ज्ञान असलेच पाहिजे असा नियम नव्हता. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७७ मध्येच ही पद्धत मोडून त्या जागी डॉक्टर नेमले होते, पण ते अपवादात्मक. आपल्याकडेही मुंबईत इंग्रजांनी आणलेले कोरोनरचे पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते. बाकी महाराष्ट्रात हे काम पोलिसांचा पंचनामा आणि सरकारी डॉक्टरचे शवविच्छेदन या दोन चाकांवर चालत आले आहे.

फ्रान्सिस ली यांनी मॅग्रथ यांच्या तक्रारी ऐकल्या आणि कामाला लागल्या. १९३१ मध्ये त्यांच्या देणगीतून हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात मॅग्रथ यांच्यासाठी न्यायवैद्यकाचे प्राध्यापकपद सुरू झाले. १९३४ मध्ये त्यांनी सुमारे हजार पुस्तकांचे ग्रंथालय दिले आणि त्याला मॅग्रथ यांचेच नाव दिले. १९३६ मध्ये अडीच लाख डॉलरचा निधी दिला, त्यावर विभाग उभा राहिला. गंमत अशी की, ज्या विद्यालयाला त्या पैसे देत होत्या, तिथे स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेशच नव्हता. तो १९४५ मध्ये सुरू झाला, तेव्हा ली सदुसष्ट वर्षांच्या होत्या.

१९३८ मध्ये मॅग्रथ गेले. विभाग चालू होता, डॉक्टर तयार होत होते. पण ली यांच्या लक्षात एक अडचण आली होती आणि ती कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला आजही ठाऊक आहे. मृतदेह डॉक्टरपर्यंत येतो, खोली येत नाही. दार आतून बंद होते का, ताटात जेवण होते का, चप्पल कुठे पडली होती, दिवा चालू होता की बंद, हे पाहतो तो पोलीस. तोही सगळ्यांत आधी पोचलेला शिपाई किंवा फौजदार. त्याने जे पाहिले नाही, ते कायमचे गेले. मग त्याला पाहायला शिकवायचे कसे? तीस जणांची तुकडी खऱ्या घटनास्थळी नेता येत नाही. फोटोत खोली सपाट होते, कोपरे लपतात. शिवाय घटना काही शिकवणीच्या वेळापत्रकाप्रमाणे घडत नाहीत.

उत्तर त्यांच्या बोटांत होते. बाहुल्या करता येतात, वाद्यवृंद करता येतो, तर खोलीही करता येईल.

१९४३ पासून पुढची काही वर्षे ‘द रॉक्स’ येथील कार्यशाळेत हे काम चालले. राल्फ मोशर हा सुतार भिंती, दारे, सामान करी. बाहुल्या, कपडे आणि बारीकसारीक वस्तू ली स्वतः करत. बाहुलीचे मोजे त्यांनी टाचण्यांएवढ्या बारीक सुयांवर विणले. दारांना कुलपे होती आणि ती किल्लीने उघडत. खिडक्यांचे पडदे खाली-वर होत. पेन्सिलीत खरे शिसे होते. उंदीर पकडायचा सापळा खटकन मिटे. भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान घटनेच्या महिन्याचे असे. एका जळालेल्या झोपडीसाठी त्यांनी आधी झोपडी सामानासुमानासह पूर्ण बांधून घेतली आणि मग ती ब्लोटॉर्चने जाळली. खऱ्या आगीत काय उरते ते रंगाने दाखवता येत नाही, एवढे साधे कारण. आजच्या खोक्यातला संच आठवड्यात जुळतो. ली यांना एकेका घराला महिनेच्या महिने लागत आणि खर्चही खरे घर बांधावे तसा येई. एकूण वीस घरे झाली.

घटना खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या, नावे-गावे बदललेली. बरीचशी घरे गरिबांची किंवा मध्यमवर्गीयांची होती: भाड्याची खोली, स्वयंपाकघर, गोठा, लाकूडतोड्याची झोपडी. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया. प्रासादात वाढलेल्या बाईने ही निवड केली, याचे आश्चर्य वाटते. पण संशयास्पद मृत्यूंची नोंदवही पाहिली तर तिथेही हेच चित्र दिसते. ज्यांच्यासाठी कुणी वकील उभा करत नाही, अशांच्याच घरातल्या खुणा आधी पुसल्या जातात.

त्यातले एक स्वयंपाकघर पाहू. एप्रिल १९४४. गॅसचे बटण उघडे, दारे आतून बंद, खालच्या फटीत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले. बाई जमिनीवर पडलेली. नवऱ्याचा जबाब सोबत दिलेला: तो कामासाठी बाहेर गेला होता, परत आला तर हे असे. वरवर पाहता आत्महत्या. पण सिंकमध्ये बटाटे अर्धवट सोललेले आहेत, स्वयंपाक निम्म्यावर आहे. जीव द्यायला निघालेली बाई बटाटे सोलायला घेते का? घेऊही शकते, माणसाच्या मनाचा नेम नाही. म्हणूनच या घराचे उत्तर एका बटाट्यावर ठरत नाही. पाहणाऱ्याने त्याची नोंद करायची आणि पुढे पाहत राहायचे.

ली यांनी बाहुल्यांच्या कातडीचे रंगही शास्त्राला धरून रंगवले होते. हृदय थांबले की रक्त वाहायचे थांबते आणि पाणी उताराला जावे तसे शरीराच्या खालच्या भागात उतरते. तिथे जांभळट डाग पडतात. साधारण तासा-दोन तासांत ते दिसू लागतात आणि सहा ते बारा तासांत पक्के होतात. त्यानंतर देह उलटवला तरी डाग जुन्याच जागी राहतात. मृतदेह उताणा सापडला आणि डाग छातीवर असतील, तर कुणीतरी तो नंतर हलवला आहे. कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू आला असेल तर हेच डाग जांभळे न दिसता चेरीसारखे लालसर दिसतात. त्या काळच्या अमेरिकेतल्या नळाच्या गॅसमध्ये हा वायू असे. आपल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये तो नसतो, मात्र बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी तो तयार करते. त्याला वास नसतो, त्यामुळे माणसाला कळतही नाही. खिडकी उघडी ठेवणे हाच त्यावरचा उपाय.

देहाचा ताठरपणा, त्याचे थंड होणे, डाग, कुजण्याची सुरुवात यांवरून मृत्यूची वेळ अंदाजाने काढतात. इथे हवामान आडवे येते. न्यू हॅम्पशायरच्या बर्फातले आडाखे मराठवाड्याच्या मे महिन्यात चालत नाहीत. पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीतला देह थंड तर होतच नाही, ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, दुसऱ्या दिवशी कुजणे सुरू झालेले असते. खोली पत्र्याची होती की माळवदाची, पंखा चालू होता का, हे पंचनाम्यात नसेल तर डॉक्टरने सांगितलेली वेळ काही तासांनी चुकू शकते. त्या काही तासांवर एखाद्याचे निर्दोषत्व अवलंबून असते.

गोठ्याचे घर बीड जिल्ह्यातल्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १९३९ च्या जुलैतली घटना, गोठ्यात एक शेतकरी गळफास लागलेल्या अवस्थेत. बायकोचा जबाब असा की, मनासारखे झाले नाही की तो गोठ्यात जाऊन जीव देण्याची धमकी देई आणि समजूत काढली की परत येई. नेहमी तो एका बादलीवर उभा राही. त्या दिवशी बादली जागेवर नव्हती, म्हणून लाकडी खोके घेतले, ते मोडलेले आहे. आत्महत्या, अपघात की आणखी काही? ली यांची अपेक्षा होती की, प्रशिक्षणार्थीने बायकोचा जबाब खरा किंवा खोटा न मानता आधी खोके पाहावे, दोर पाहावा, जमीन पाहावी.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही. शेतकऱ्याची आत्महत्या शासनाच्या निकषांत बसली तर वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. अपघाती मृत्यू असेल, म्हणजे सर्पदंश, वीज, विहिरीत पाय घसरणे, फवारणीतली विषबाधा, तर याच जिल्ह्याचे सुपुत्र गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख. त्या योजनेत आत्महत्या बसत नाही. अर्जासोबत घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. विहिरीच्या काठावर घसरल्याची खूण होती की नव्हती, फवारणीचा पंप शेजारी होता की नव्हता, एवढ्या एका ओळीवर विधवेचे पुढचे वर्ष ठरते.

आणि विवाहितेचा मृत्यू. स्टोव्हचा भडका उडाला, विहिरीवर पाणी शेंदताना तोल गेला, हे जबाब ऐंशीच्या दशकात इतके नेहमीचे झाले होते की, १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी आणि शवविच्छेदन बंधनकारक झाले. शवविच्छेदनात श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती एवढे कळते. पण स्टोव्हची टाकी फुटली होती की शाबूत होती, तिच्यात रॉकेल होते की नव्हते, दाराची कडी कोणत्या बाजूने होती, हे सुरीला कळत नाही. आणि गावात बहुधा पोलीस पोचण्याआधी कुणीतरी भली बाई खोली धुऊन सारवून टाकते.

ली यांचे पहिले प्रशिक्षण शिबिर १९४५ मध्ये हार्वर्डला भरले. आठवडाभराचे, वर्षातून दोनदा. प्रत्येक पोलिसाला दोन घरे आणि नव्वद मिनिटे मिळत. सोबत टॉर्च आणि भिंग. कुठेही हात लावायचा नाही. डावीकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कडेकडेने पाहत मध्यभागी यायचे. मृतदेह शेवटी. नजर आधी मृतदेहाकडे जाते आणि मग बाकी खोली दिसतच नाही, हे त्यांनी ओळखले होते. गुन्हेगार कोण ते शोधून काढणे ही परीक्षा नव्हती. किती पाहिले, ही होती. शेवटच्या रात्री बोस्टनच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात मेजवानी, तिच्यासाठी खास घेतलेली चिनी मातीची भांडी. खेड्यापाड्यातून आलेल्या, पोलीस ठाण्यात टिनपाटात जेवणाऱ्या माणसांना त्या मानाने वाढत. कडक स्वभावाच्या या म्हाताऱ्या बाईला पोलीस आईसारखे मानू लागले ते यामुळेही असावे.

१९४३ मध्येच न्यू हॅम्पशायर राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला होता. वय पासष्ट. पेरी मेसनचे जनक, लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर त्यांच्या शिबिराला आले आणि पुढे एक कादंबरी त्यांना अर्पण केली. हार्वर्डच्या प्राध्यापकांशी मात्र त्यांचे खटके उडत. पैसा बाईंचा, शिस्त बाईंची, पण पदवी नाही, हे सगळ्यांना पचत नसे. २७ जानेवारी १९६२ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. पाच-सहा वर्षांत हार्वर्डने न्यायवैद्यकाचा विभाग बंद केला. घरे अडगळीत जायची, पण विभागाचे जुने विद्यार्थी डॉ. रसेल फिशर मेरिलँड राज्याचे मुख्य मेडिकल एक्झामिनर होते. त्यांनी ती बाल्टिमोरला नेली. वीसपैकी अठरा घरे आजही तिथल्या कार्यालयात आहेत आणि ली यांच्या नावाचे शिबिर तिथे भरते. उत्तरे बहुतेक गुप्तच ठेवली आहेत, कारण परीक्षा अजून चालू आहे.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि चित्रीकरण करणे सांगितले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तोपर्यंत आष्टी-पाटोद्याच्या वाडीवस्तीवर सगळ्यात आधी पोचतो तो बीट अंमलदारच.

२०१७ मध्ये ही घरे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा एक नवीच अडचण निघाली. छोट्या खोल्यांतले जुने दिवे तापत आणि त्या उष्णतेने कापड, कागद, बाहुल्यांचे रंग खराब होऊ लागले होते. एलईडी दिवे बसवायचे ठरले. पण एलईडीचा पांढरा उजेड पडला तर कातडीवरचे डाग वेगळ्या रंगाचे दिसतील आणि पुराव्यातच बदल होईल. म्हणून जतन करणाऱ्यांनी एकेका खोलीचा उजेड जुन्या पिवळट छटेशी जुळवून घेतला आणि मगच ते दिवे लावले.